माठातली बिअर : इंग्लंडच्या पबमधली 'बिटर' कोमट का असते?

जून २०२५ मध्ये हेडिंग्लेवर आपण कसोटी हरलो. इंग्लंडनं चौथ्या डावात ३७१ धावांचा पाठलाग केला आणि पाच गडी राखून सामना खिशात घातला. माझा पुतण्या नोकरीनिमित्त तेव्हा लीड्समध्ये होता. सामना संपल्यावर तासाभरात त्याचा मेसेज आला. मला वाटलं, आपल्या सुटलेल्या झेलांबद्दल काहीतरी असेल. निघालं भलतंच. "काका, पबमध्ये बिटर मागवली. कोमट आहे, गॅस गेलाय, आणि वर कडू. बदलून मागू का?"

मी लिहिलं, "थांब. आधी अर्धी संपव, मग सांग."

दरवर्षी सप्टेंबरात आपल्याकडची कितीतरी मुलं शिकायला ब्रिटनला जातात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या महिन्यातच हा प्रश्न पडतो. आपल्याला बिअर म्हटलं की घाम फुटलेली हिरवी बाटली आठवते. तिच्या शेजारी ही तांबूस, शांत, बुडबुड्यांशिवायची बिअर म्हणजे कोणीतरी काल ओतून विसरलेली वाटते. पण ती मुद्दाम तशी असते. का, ते पाहू.

आधी नाव

बिअरचं मूळ धान्य जव. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि भट्टीत हलके भाजायचे. नाचणीसत्त्व करताना आई जे करायची तेच हे, फक्त धान्य वेगळं. अशा जवाला माल्ट म्हणतात. माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड काढा काढायचा आणि त्यात हॉप्स घालून उकळायचं. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, पापुद्र्यापापुद्र्यांची फुलं. त्यांच्यातला राळेसारखा अंश उकळताना कडू होतो. मग यीस्ट घालायचं. ते साखर खातं आणि दारू व गॅस सोडतं.

इथे वाटा फुटतात. आपल्याकडची जवळपास सगळी बाटलीबंद बिअर 'लागर' असते. तिचं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं. इंग्लंडची पारंपरिक बिअर म्हणजे 'एल'. तिचं यीस्ट साधारण १८ ते २० अंशांना झपाट्यानं आंबवतं आणि जाता जाता फळांसारखे वास मागे ठेवतं. बिटर ही एलमधलीच एक जात.

'बिटर' हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलं. १९व्या शतकात कारखानदार या फिक्या रंगाच्या, हॉप्स जास्त घातलेल्या बिअरला 'पेल एल' म्हणत. पबमध्ये शेजारच्या पिंपात गोडसर, ताजी 'माइल्ड' असायची. मग माणसं काउंटरवर विचारायची, माइल्ड की बिटर? तेच रूढ झालं. महाराष्ट्रातल्या माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण आपल्या परमिट रूममध्ये 'माइल्ड'चा विरुद्धार्थी शब्द 'स्ट्राँग' आहे आणि तिथे सगळा हिशेब अल्कोहोलच्या टक्क्यांचा असतो. इंग्लंडमध्ये ही जोडी चवीची होती.

पिंपातलं विरजण

आता मुद्द्याचं. पारंपरिक बिटर कारखान्यात पूर्ण होत नाही. ती पबच्या तळघरात पूर्ण होते.

कारखान्यातून निघताना ती 'कास्क' नावाच्या पिंपात भरतात. पूर्वी हे पिंप ओकच्या लाकडाचं असे, आता बहुतेक वेळा स्टीलचं असतं. आत जिवंत यीस्ट आणि थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते, त्यामुळे पिंपात आंबणं चालूच राहतं. बाजारातलं टेट्रापॅकमधलं ताक आणि घरी विरजण लावून घुसळलेलं ताक यांत जो फरक, तोच इथे. पॅकमधलं ताक कुठेही, कधीही तसंच लागतं. घरचं ताक हवेवर, विरजणावर आणि लावणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं.

दुसरा प्रकार 'केग'. त्यातली बिअर कारखान्यातच गाळून, बहुधा तापवून, यीस्टचा निकाल लावून भरतात आणि पबमध्ये बाहेरच्या गॅसच्या दाबानं वर ढकलतात. लागर अशीच येते.

कास्क आला की तळघरातला माणूस तो घोडीवर आडवा ठेवतो आणि हलू नये म्हणून पाचर मारतो. वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची एक खुंटी ठोकतो. तिच्यातून जादा गॅस फुसफुसत बाहेर पडतो, कधीकधी फेसही येतो. गॅस पुरेसा गेला असं वाटलं की ती काढून घट्ट लाकडाची खुंटी बसवतो. समोरच्या तोंडात लाकडी हातोड्यानं तोटी ठोकतो. गाळ खाली बसायला दिवस-दोन दिवस लागतात. तो रोज थोडी काढून उजेडात धरतो, वास घेतो, चाखतो. कधी 'उघडायची' हे तोच ठरवतो. चांगल्या बिटरचं अर्धं श्रेय या माणसाचं असतं, पण त्याचं नाव कुठल्या पाटीवर दिसत नाही.

वर काउंटरवर जो उंच दांडा असतो तो निव्वळ हातपंप. जोसेफ ब्रामा या इंग्लिश संशोधकानं १७९७ मध्ये अशा पंपाचं पेटंट घेतलं होतं. आपल्या हापशासारखंच तत्त्व : दांडा ओढला की तळघरातली बिअर वर येते. बाहेरचा गॅस नाही, दाब नाही. दोनेक ओढींत पाइंट भरतो. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, म्हणजे आपल्या मोठ्या बाटलीपेक्षा थोडा कमी.

"पण कोमट का?"

कोमट नसतेच मुळी. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवलेलं असतं. पुण्यात जानेवारीतल्या पहाटेची ही हवा. माठातल्या पाण्याहूनही हे गारच. पण लागर ३ ते ५ अंशांवर येते आणि आपली जीभ त्या आकड्याला सरावली आहे. त्यामुळे बारा अंश म्हणजे कोमट, असा निकाल ती परस्पर देऊन टाकते.

फ्रिजमधून काढल्या काढल्या हापूस खाऊन पाहा. गारवा कळतो, थोडं गोड कळतं, पण वास? तो दहा मिनिटांनी येतो. वास देणारे अंश थंडीत उडत नाहीत आणि गारठलेली जीभही अर्धवट बधिर असते. लागरला हे मानवतं, कारण तिचा जोर ताजेपणावर असतो. बिटरची सगळी मिळकत तिच्या वासात आहे. ती चार अंशांवर दिली तर नुसतं कडू पाणी उरेल. एप्रिलात दुपारी नागपुरात बसून माझ्याशी यावर वाद घालू नका, मी लगेच हरेन. पण लीड्समध्ये नोव्हेंबरच्या पावसात ओला कोट काढून शेकोटीशेजारी बसल्यावर बर्फगार बिअर कोणाला हवी असते?

"आणि गॅस?"

गॅस असतो, पण यीस्टनं स्वतः केलेला आणि खुंटीतून उरलेला तेवढाच. लागरच्या निम्म्याहूनही कमी. जिभेवर टोचत नाही, हलकेच चुरचुरतो.

गॅस पाण्यात विरघळला की त्याला स्वतःची आंबटसर, झोंबणारी चव येते. सोड्यात लिंबू पिळा आणि साध्या पाण्यात पिळा, लिंबू वेगळं लागतं. गॅस कमी केला की माल्ट आणि हॉप्स यांना मधलं अंगण मोकळं मिळतं. शिवाय पोट फुगत नाही, हा फायदा तिथले लोक आवर्जून सांगतात.

ती खरोखरच मेलेलीही असू शकते. ते कसं ओळखायचं, ते पुढे येईलच.

घोट कसा घ्यायचा

पुतण्याला मी फोनवरून जे सांगितलं तेच सांगतो.

ग्लास उजेडात धर. रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा, कधी मधासारखा, कधी कोऱ्या चहासारखा. पलीकडचं स्वच्छ दिसलं पाहिजे. मग नाक ग्लासात घाल. पहिला वास बहुधा माल्टचा येतो : खारी, भाजलेला पाव, चहात बुडवलेलं बिस्कीट. गडद बिटर असेल तर किंचित जळलेल्या साखरेचा. त्यामागून हॉप्स. केंटमध्ये पिकणारे 'गोल्डिंग्ज' फुलांसारखे, मधाळ, जरासे मसाल्याचे. 'फगल' ओल्या मातीचे, गवताचे. तिसरा थर यीस्टचा : संत्र्याच्या सालीचा मुरंबा, पिकलेलं पेअर, सफरचंद.

बर्टन अपॉन ट्रेंट या गावच्या बिअरमध्ये आणखी एक गंमत असते. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्यामुळे ग्लास समोर येताच क्षणभर नुकत्याच ओढलेल्या काडीचा, गंधकाचा वास येतो. तिथले पिणारे या वासावर जीव टाकतात. काळं मीठ घातलेलं जलजिरा ज्यांना आवडतं त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. जिप्सममुळे कडूपणाही कोरडा, स्वच्छ होतो. इतका की जगभरचे बिअरवाले आपल्या पाण्यात जिप्सम मिसळून त्याचं 'बर्टनीकरण' करतात.

आता मोठा घोट घे. चिमणीसारखा नको आणि वाइनवाल्यांसारखं थुंकायचंही नाही. बिटरमधला कडूपणा उशिरा येतो आणि उशिरा जातो. आधी जिभेवर गोडसर काही आल्यासारखं वाटतं, मग गिळताना ते सुकतं आणि मागे कडवट, कोरडी रेघ राहते. ही रेघच तुम्हाला दुसरा घोट घ्यायला लावते. मेथीची भाजी पहिल्या घासाला कडू, चौथ्या घासाला नुसती चवदार. तसं.

कडूपणाला घाबरू नका. नाव मोठं आहे, लक्षण तेवढं नाही. बिनसाखरेची काळी कॉफी हिच्याहून कडू लागते, आणि आजकालच्या मायक्रोब्रुअरीतल्या आयपीए (इंडिया पेल एल) तर कितीतरी कडू असतात. १९व्या शतकात माइल्डच्या शेजारी ठेवली म्हणून हिला बिटर म्हणायचं.

लीड्सला फेस, लंडनला नाही

ऑगस्टमध्ये पुतण्या ओव्हलची कसोटी पाहायला लंडनला गेला. तोवर त्याला बिटर आवडायला लागली होती आणि मेसेजांतला आत्मविश्वास वाढला होता. "काका, लीड्सला पितो तीच बिअर इथे मागितली. नावही तेच, पण वर फेसच नाही! फसवलं का?"

नाही. लीड्समध्ये, एकूणच इंग्लंडच्या उत्तरेत, पंपाच्या नळीच्या टोकाला बारीक भोकांची एक टोपी लावतात. झारीच्या तोंडासारखी. बिअर त्यातून जोरानं शिंतडते, विरघळलेला गॅस सुटून फेसात जातो आणि वर साईसारखा दाट थर बसतो. खालची बिअर मऊ, गुळगुळीत लागते. रवीनं घुसळलेलं ताक म्हणा. दक्षिणेत ती टोपी लावत नाहीत. फेस नाममात्र असतो, पण बिअरमधली चुरचुर आणि हॉप्सची धार टिकून राहते.

यावरून तिथे जे वाद होतात ते ऐकण्यासारखे असतात. पुरणपोळीबरोबर दूध की कटाची आमटी, यावर आपल्याकडे होतात त्याच जातीचे. माझा कौल उत्तरेला. पण बिअर फार नाजूक हॉप्सची असेल तर टोपी तिचा वास मारते, हा दक्षिणेचा मुद्दा मला मान्य आहे.

"एवढी हलकी? मग अर्थ काय?"

साधी बिटर ४ टक्क्यांच्या आत असते. 'बेस्ट बिटर' त्याच्या आसपास किंवा जरा वर. हार्वीज कंपनीची ससेक्स बेस्ट ४ टक्के, लंडन प्राइड ४.१, यॉर्कशरची टिमथी टेलर लँडलॉर्ड ४.३. त्याहून चढती, फुलर्सची ईएसबी ५.५. आपल्याकडची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते.

एवढी हलकी ती कायमची नव्हती. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायचं होतं, कर वाढले, पब उघडे ठेवण्याच्या वेळा कमी झाल्या आणि बिअर पातळ झाली. युद्ध संपल्यावरही ती पूर्वीइतकी जड कधी झाली नाही. ऑगस्ट २०२३ पासून तिथे ३.५ टक्क्यांखालच्या बिअरवरचा करही बराच कमी आहे. म्हणून काही कारखान्यांनी आपली बिटर ३.४ वर आणून ठेवली.

पण पबचा रिवाजही हलकेपणाला धरूनच आहे. चार मित्र बसले तर पाळीपाळीनं एकेक जण सगळ्यांसाठी आणतो. म्हणजे चार पाइंट आलेच. ८ टक्क्यांचे चार पाइंट प्यायल्यावर बोलायला कोण शिल्लक राहील? बिटर गप्पांना सोबत म्हणून आहे. आपला चहाचा कट्टा, फक्त छपराखाली. आणि पाळी टाळणाऱ्याला तिथेही सगळे ओळखून असतात.

बिघडलेली की तशीच?

पिंपातून जितकी बिअर जाते तितकी हवा आत येते. हवेनं बिअर आधी मलूल होते, मग आंबट. उघडलेलं पिंप साधारण तीन दिवसांत संपलं पाहिजे. नेहमीच्या नऊ गॅलनच्या पिंपात ७२ पाइंट असतात. ज्या पबमध्ये दिवसाला पाच-सहाच जण बिटर मागतात, तिथे पिंपाच्या तळाशी काय पोचत असेल ते ओळखा.

एका आडगावच्या पबमध्ये मी स्वतः असं पिंप अनुभवलं आहे. वास घेतला तर थेट व्हिनेगर. मी भिडस्तपणे अर्धं प्यायलो. शेजारच्या आजोबांनी मात्र आपला ग्लास काउंटरवर नुसता सरकवला आणि म्हणाले, "ही गेली." बाईंनी वास घेतला, मान हलवली, दुसऱ्या पंपाची भरून दिली. एक शब्द नाही. ती माझी शिकवणी.

तेव्हा व्हिनेगरचा वास, भिजलेल्या पुठ्ठ्याची चव, पाण्यासारखी सपाट किंवा गढूळ बिअर आली तर बिनदिक्कत परत करा. गढूळपणाला एकच अपवाद, त्याकडे येतोच. बारा अंश ही तक्रार होऊ शकत नाही. घेण्याआधी थोडी चाखायला मागितली तरी चालते, बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासात देतात. गर्दीचा पब निवडा आणि जो पंप सारखा ओढला जातोय त्याचीच मागा. दहा पंपांच्या ओस पब्सपेक्षा दोन पंपांचा गजबजलेला पब कधीही बरा.

या तीन दिवसांच्या हिशेबामुळेच कास्क कायम अडचणीत असतो. १९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी तो जवळजवळ मोडीत काढला होता. केगला ना तळघरातला जाणकार लागतो, ना घाई. १९७१ मध्ये चार इंग्लिश मित्रांनी आयर्लंडमधल्या एका पबात बसून याविरुद्ध संघटना काढली. तीच पुढे 'कॅम्रा' म्हणून प्रसिद्ध झाली. अशा बिअरला 'रिअल एल' हे नाव तिनंच रुजवलं आणि गिऱ्हाइकांच्या जोरावर कास्क वाचवला. तरी पडझड चालूच आहे. बर्टनमध्ये ओकच्या पिंपांच्या रांगा नळ्यांनी एकमेकींना जोडून बिअर आंबवायची जुनी पद्धत होती. मार्स्टन्सच्या कारखान्यात ती टिकून होती, २०२४ मध्ये तिथेही बंद झाली. त्यातला एक संच डर्बीशरच्या थॉर्नब्रिज या छोट्या कारखान्यानं नेऊन पुन्हा चालू केला.

मग ही मुंबईत का मिळत नाही?

तिची चुलत बहीण मुंबईत येऊन गेली आहे. १८व्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातला हॉजसन आपली हॉप्सभरली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या कप्तानांना उधारीवर द्यायचा. १८२०च्या दशकात बर्टनवाले त्या धंद्यात उतरले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, महिनोन्‌महिने हिंदकळत ती मुंबई-कलकत्त्याला पोचायची. हीच पुढची इंडिया पेल एल. साहेब लोक ती प्यायचे. गोऱ्या शिपायांच्या वाट्याला बहुतेक काळी पोर्टर यायची.

ती प्रवासासाठी बांधलेली होती. बिटर घरकोंबडी आहे. तिला बारा अंशांचं तळघर, हलवाहलव न करणारं घर आणि तीन दिवसांत ७२ गिऱ्हाइकं लागतात. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत चांगल्या एल मिळतात, पण त्या बहुधा थंड टाकीतून गॅसच्या दाबानं येतात.

आणि तो मासा

गढूळ बिअर स्वच्छ होते कशी, हे सांगायचं राहिलं. पिंपात एक चिकट द्रव घालतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जसा गाळ एकत्र येऊन बसतो, तसं ते यीस्टला ओढून तळाशी नेतं. हा द्रव माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. पालघर-वसईचे कोळी घोळ माशाच्या या पिशवीला 'भोत' म्हणतात. वाळवलेल्या भोताला परदेशात किती भाव येतो, तेही त्यांना विचारा.

पिशवीचा अंश गाळाबरोबर तळाशीच राहतो, ग्लासात आला तर नावापुरता. तरी काटेकोर शाकाहारी माणसाला हे कळायला हवं. अलीकडे बरेच कारखाने तो न घालता बिअर देतात. तसं बहुधा पंपावर लिहिलेलं असतं आणि ती बिअर मुळातच गढूळ असू शकते. मघाचा अपवाद तो हा.

ओव्हलची कसोटी आपण सहा धावांनी जिंकलो तो दिवस ४ ऑगस्ट, सोमवार. माझा पुतण्या श्रावण पाळतो. मांस-मच्छी बंद, पण "बिअर म्हणजे जवाचं पाणी" ही त्याची जुनी पळवाट. फेस नसलेल्या त्या ग्लासाचा फोटो त्यानं संध्याकाळी पाठवला. बिअर आरशासारखी स्वच्छ होती. भोताचं मी त्याला मंगळवारी सांगितलं.